आधी लोकांची लग्नं

टक्. मग जरा थांबून पुन्हा, टक् टक्.

आमची लेक यशू नुकतीच झोपली होती आणि दुपारचं घर अगदी शांत होतं. प्रशिक ताटावरून उठला, उष्ट्या हातानंच कॉम्प्युटरजवळ गेला आणि डब्याला कान लावून बसला.

"राणी, हिचं काही खरं नाही."

ही म्हणजे त्याची हार्ड डिस्क. लग्नाच्या व्हिडिओंचं काम सुरू केलं तेव्हा घेतलेली, मिनिटाला दहा हजार फेरे घेणारी. आमच्या कमरीपेठेत एवढी वेगवान डिस्क तेव्हा दुसऱ्या कुणाकडं नव्हती, हे तो अजून सांगतो. कॉम्प्युटरचे सुटे भाग विकणारा शेषगिरी कधीपासून त्याच्या मागं लागला होता. "प्रशिकअण्णा, फिरायचा जमाना संपला की! एसएसडी घे. आवाज नाही, ताप नाही." मीही शेषगिरीच्याच बाजूची. डिस्क घरघरायची, पोर दचकून उठायची. पण प्रशिक कुठला ऐकतोय! "तुझी ती चिप मुकी रे. एक दिवस न सांगता मरंल. ही दुखलंखुपलं बोलते तरी."

आता ती बोलली होती.

मी शेषगिरीला फोन केला. तो लगेच स्कूटरवरून आला, नवी एसएसडी खिशात घालून. 'म्हटलं होतं ना' असं काहीतरी सुनावेल वाटलं होतं. त्यानं केबल जोडली आणि एवढंच म्हणाला, "लवकर, अण्णा. पहिलं काय काढायचं ते सांग. ही किती तग धरंल, सांगता येत नाही."

प्रशिकनं माझ्याकडं पाहिलं.

त्या डिस्कवर अळणावरकडच्या लक्कव्वाच्या लेकीचं, रेखाचं लग्न होतं, अजून जोडायचं राहिलेलं. आणखी तीनचार घरची होती. आणि आमचं होतं. साऱ्या गावाची लग्नं त्यानं कापून, जोडून, पेन ड्राइव्हवर घालून दिली. आमचं मात्र, घरचंच आहे, सावकाश करू, म्हणता म्हणता पोरगी शाळेत जायला लागली. दुसरी प्रत काढून ठेवायचंही कुणाला सुचलं नाही. लग्नाच्या पांढऱ्या साडीतली मी होते त्यात. आणि पंगतीत पाहुण्यांना हात धरून धरून वाढणारे माझे अप्पा. अप्पा आता नाहीत. फोटो आहेत, पण चालतेबोलते अप्पा तेवढ्यातच.

"आपलं पहिलं घेऊ?" प्रशिकनं हळूच विचारलं.

शेषगिरी उगाच चष्मा पुसत राहिला.

हो माझ्या तोंडाशी आलं होतं. पण लक्कव्वा आठवली. मांडवात प्रशिकचा हात घट्ट धरून म्हणाली होती, "तम्मा, एकच लेक माझी. नीट काढ हं."

"लोकांची आधी घे," मी म्हणाले.

"राणी, अगं..."

"विश्वासानं दिलंय त्यांनी. घे म्हणते ना!"

पडद्यावर हिरवी पट्टी सरकत राहिली. टक् टक् वाढत गेलं. रेखाचं लग्न आलं, मग एकेक करून बाकीची आली. प्रशिकनं आमच्या लग्नाला हात घातला, तेवढ्यात डिस्क करकरली आणि गप्प झाली.

"बेंगळूरला उघडून बघतात, अक्का," शेषगिरी म्हणाला. "पण आतली चकतीच घासली असंल तर..." त्यानं केबल काढली.

खरं सांगायचं तर, डिस्कनं सांगितलं होतं. फक्त थांबली नाही.

नव्या एसएसडीवर काम भराभर झालं. लक्कव्वा बघायला आली ती जावयासाठी केलेल्या डिंक-सुकामेव्याच्या करदंटाचा डबा घेऊनच. लेकीच्या पाठवणीला पदर डोळ्यांना लावून म्हणाली, "तम्मा, सगळं घावलं की रे! आमची थोरली आक्कासुद्धा दिसली." प्रशिक मान खाली घालून हसला. मी चहा गाळत होते. माझ्या नवऱ्यानं कुणाचं लग्न हरवू दिलं नाही, हे माहेरी, सासरी, शाळेच्या फाटकाशी, कुठंही सांगायला मला आवडेल.

यशू लक्कव्वाच्या मांडीवर बसून सगळं डोळे विस्फारून बघत होती. पडदा काळा झाला तशी ती माझ्याकडं वळली.

"आई, आता तुझं लाव ना. तुझं कधी लावायचं?"