भिंतीला न ठोकलेलं कपाट

कपाट पट्ट्या मारून भिंतीला पक्कं करा, एवढंच मास्तरीणबाईचं म्हणणं होतं. पण शाळेत शंभर पोरांना विज्ञान शिकवणाऱ्या बाईचं बोलणं घरात मात्र पालथ्या घड्यावर पाणी. गावाला अधूनमधून भूकंपाचे हादरे बसायचे. कपाट छताला भिडेल एवढं उंच, आणि सासऱ्यांची आरामखुर्ची नेमकी त्याच्या पायाशी. त्यात कपाट सासऱ्यांनी स्वतः घडवलेलं. जन्मभर सुतारकी केलेल्या माणसाला कोण सांगणार?

"माझं कपाट पडायचं नाही," ते म्हणायचे.

नवरा बापापेक्षा वरचढ. त्या दिवशी जेवणं झाल्यावर त्याने कपाटाला समोरून खांदा लावून भिंतीकडे ढकललं. "बघ, हललं का?"

"भिंतीकडे कसं हलेल? पडेल ते पुढे, बाबांच्या अंगावर." ती वैतागली, तरी पुन्हा एकदा समजावून बघितलं. "स्प्रिंगला धक्का दिला की धक्का जातो त्याच दिशेने वेटोळी मागेपुढे होतात. ते अनुतरंग. दोरी झटकली की लाट पुढे जाते, पण दोरी आडवी हलते. ते अवतरंग. भूकंपात अनुतरंग आधी पोचतात, नुसता दणका देतात. अवतरंग मागून येतात, जमीन आडवी हलवतात. कपाटं पाडतात ते हे. मध्ये जेमतेम उठून बाहेर पडण्याएवढा वेळ मिळतो."

"म्हणजे भूकंप आधी दार वाजवतो आणि मग आत येतो," सासरे म्हणाले. "फार सभ्य आहे की."

बापलेक खो खो हसले. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. ती पेपर तपासायला बसली, नवरा भांडी विसळायला गेला, सासऱ्यांनी खुर्चीत बसून वर्तमानपत्र उघडलं.

आणि खालून एक दणका बसला. कप बशीत किणकिणला.

"ट्रक गेला," नवरा स्वयंपाकघरातून म्हणाला.

ट्रक नव्हता. ती धावत खुर्चीपाशी आली. "बाबा, उठा. बाहेर चला."

"ट्रक होता गं." त्यांनी वर्तमानपत्र खालीसुद्धा केलं नाही. तिने दंड ओढला, तर त्यांनी झटकला. आता काय स्प्रिंग आणि दोरी घेऊन बसायचं?

"बाबा, दारात गिऱ्हाईक आलंय. असंच कपाट करून हवंय म्हणतंय."

कितीतरी वर्षांत त्यांच्याकडे गिऱ्हाईक आलं नव्हतं. वर्तमानपत्र खाली पडलं. तळव्याने केस सारखे करत ते तरातरा दाराकडे निघाले, आणि ती त्यांना मागून अक्षरशः रेटत अंगणात घेऊन गेली. "बाहेर ये," ती नवऱ्यावर ओरडली, तसा तोही हातातल्या साबणासकट धावत आला. तेवढ्यात जमीन आडवी डुलायला लागली. कपाट पुढे वाकलं आणि आरामखुर्चीवर कोसळलं.

सगळं थांबल्यावर तिघं दाराशी आले. कपाटाचा एकही सांधा सुटला नव्हता. खुर्चीचा मात्र चुराडा झाला होता. नवऱ्याच्या हातातला साबण गळून गेला तरी त्याला कळलं नाही. तिला त्याच्यावर ओरडायचं होतं. पण एवढ्या दिवसांत खरं सांगून जे सासरे जागचे हलले नाहीत, ते एका थापेवर उठले, याचाच तिला जास्त संताप आला.

सासरे बराच वेळ खुर्चीकडे बघत राहिले. मग वळून त्यांनी रस्त्यावर नजर टाकली, या टोकापासून त्या टोकापर्यंत.

"कुणी नव्हतं, बाबा," ती म्हणाली.

"कळलं मला," ते म्हणाले. तरी त्यांनी हळूच विचारलं, "अगदी कुणीच नव्हतं?"