भाविकाची टाच आणि मी

मी सिप्रोफ्लॉक्सासिनची गोळी बोलतेय. आमच्या पाकिटात आम्ही दहा जणी होतो, आता तिघी उरलो आहोत.

माझं काम क्रूर आहे. जंतूच्या पोटात त्याच्या जन्माचा धागा, म्हणजे डीएनए, पिळून ठेवलेला असतो. एकाचे दोन व्हायचे तर जंतू तो धागा कापून पीळ सोडवतो आणि पुन्हा जोडतो. मी त्याला कापू देते, जोडू देत नाही. तो तिथंच संपतो. मूत्रपिंडात जंतूंनी घर केलं आणि साध्या औषधांना ते दाद देईनात, तर डॉक्टरांनी तपासून मला बोलवावं. सर्दीच्या विषाणूपुढे मात्र माझं काही चालत नाही.

शिंदखेड्याच्या मेडिकलवाल्या रुपचंदला एवढं ठाऊक असायला हवं होतं.

"रुपचंदभाऊ, मनी पोरनी पोलीस भरती शे. जबरी गोळी द्या," भिकुबाई म्हणाली. तिची भाविका वर्षभर पहाटे कालव्याच्या कडेनं पळत होती. चाचणी चार दिवसांवर आली आणि सर्दी-तापानं तिला गाठलं.

"डॉक्टरकडे कशाला जाता, अक्का? ही हाय पावर आहे," म्हणत त्यानं मला दिलं. सोबत स्टेरॉइडच्या बारक्या गोळ्याही दिल्या. आम्ही दोघी एकत्र पोटात गेलो की टाचेमागची जाड शीर कमजोर होऊ शकते.

तिसऱ्या दिवशी भाविका म्हणाली, "माय, टाच दुखस."

"पळीसन दुखस. गोळी सोडू नको." भिकुबाईनं मायेनं तेल चोळलं.

धुळ्याच्या मैदानावर आठशे मीटरची धाव होती. भाविका दुसऱ्या फेरीत सर्वांच्या पुढे होती. फट्‌ असा आवाज झाला. मागून कुणी लाथ मारली असं वाटून तिनं वळून पाहिलं, तर मागं कुणीच नव्हतं. मग ती कोसळली. पोरी तिला ओलांडून गेल्या. ती कोपरांवर सरकत निघाली, तेव्हा शिट्टीवाला ओरडला, "हिला बाजूला घ्या, पुढची तुकडी सोडायचीय!"

दवाखान्यात भिकुबाई एक्स-रे आणायला गेली असताना डॉक्टरांनी भाविकाच्या पिशवीतलं पाकीट उलटंपालटं केलं. "ही कुणी दिली? सर्दीला? टाच दुखली तेव्हाच बंद करायची होती."

आई परत आली. "डॉक्टर काय म्हने?"

"टाचनी शीर पळीसनच तुटनी, माय. तुनी काही चूक नही."

आईला वाचवायला ती खोटं बोलली. आणि भिकुबाईनं आम्हा तिघींना डब्यात जपून ठेवलं.

आज भाविकाचे आजोबा, झुलाल आबा, खोकतायत. दम्यासाठी ते रोज स्टेरॉइड घेतात. भिकुबाईनं डबा उघडलाय.

"आबा, ही घ्या. भाविकाले दिन्ही व्हती, दोन दिनमा सर्दी-ताप गया."

कागद फाटला. मी आबांच्या तळहातावर आहे. भाविका दारातच काठी धरून उभी आहे, तिनं सगळं ऐकलंय.

पोरी, बोल! आता तरी खरं सांग.

ती आईच्या तोंडाकडे बघतेय. आबांनी पाण्याचा पेला उचललाय.