फलालीन आणि तीन बोटं

चतुराबाईंनी डोळे मिटले, तसं गुलमंडीतल्या त्या दुकानात रामकिसनशेठनं मोबाइलवरचं बोलणं अर्ध्यावर तोडलं. चतुराबाई कापड बघत असताना बोलू नये, हे त्यांना वीस वर्षांपासून ठाऊक होतं.

फलालीनची पारख डोळ्यांनी करायची नसते, असा चतुराबाईंचा नियम होता. डोळ्यांना रंग भुलवतो, छापलेले हत्ती आणि बदकं भुलवतात. बोटांना कोणी भुलवत नाही. अंगठा आणि दोन बोटांच्या चिमटीत कापड धरायचं, लव उलटी कुरवाळायची आणि निकाल द्यायचा. पुंडलिकनगरातल्या निम्म्या बाळांच्या गोधड्या या तीन बोटांनी पास केल्या होत्या.

‘पास’ हा शब्द त्यांच्या यजमानांचा. काकासाहेबांनी वाळूजच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं बोल्ट तपासले. मापात बसला तर पास, नाही तर लाल डब्यात. तिथं त्यांच्या शब्दाला वजन होतं. कापडाच्या दुकानात मात्र त्यांचं काम पिशवी धरण्याचं. त्यांनी एखादं कापड चांगलं म्हणावं आणि चतुराबाईंनी ते तत्काळ बाजूला सारावं, ही रीत फुलंब्रीला लग्नाचा बस्ता बांधला तेव्हापासूनची. “तुमाला आवडलं म्हंजी त्यात खोट आसनारच,” असं त्या म्हणत. बायकोही काकासाहेबांनीच पसंत केली होती, हा मुद्दा मात्र दोघांपैकी कोणी कधी काढला नाही.

आज सोबत शेजारच्या द्वारकाबाई होत्या. त्यांची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली होती आणि बाळाची गोधडी चतुराबाईंनीच शिवायची, हे लेकीच्या लग्नातच ठरलं होतं.

“हेच घ्या, द्वारकाबाई,” चतुराबाई डोळे न उघडता म्हणाल्या. “लोन्यावानी हाय. आत जुन्या लुगड्याचे थर, वरून-खालून हे. बाळ उठायचं नाव घ्यायचं नाय.”

“तुमी म्हनल्यावर परश्नच मिटला, वैनी.”

कापडाचं दुसरं टोक दाराकडच्या उजेडात लोंबत होतं. काकासाहेबांची नजर तिकडे गेली. कापडातून समोरच्या दुकानाची पाटी वाचता येत होती, फोन नंबरासकट. त्यांनी हळूच बोट घासलं, तर लव बोटावर आली. खाली उरली ती चाळणीसारखी वीण आणि खरखरीत, प्लॅस्टिकसारखा धागा.

त्यांनी शेठकडे पाहिलं. शेठही गोंधळले होते. चतुराबाईंपुढे पहिलं कापड ते मुद्दाम हलकंच टाकत. एक नाकारल्याशिवाय बाईंना दुसरं पसंत पडत नाही, हा त्यांचा अनुभव. हे कापड नाकारण्यासाठीच होतं.

काकासाहेबांना मागच्या आठवड्यातलं दुधाचं पातेलं आठवलं. चतुराबाईंनी ते गॅसवरून नुसत्या हातांनी उतरवलं होतं आणि वर म्हणाल्या होत्या, “बगा, राबून राबून हात कसा घट झालाय!” संध्याकाळी बोटांवर फोड आले. साखरेच्या आजाराच्या डॉक्टरांनी वर्षापूर्वीच बजावलं होतं, आधी पायांची जाणीव जाते, मग हातांची. काकासाहेब रोज रात्री चष्मा लावून बायकोचे तळपाय तपासत होते. हातांकडे बघायचं राहून गेलं होतं.

“कितना काटू?” शेठनं विचारलं. कात्री हातात आली होती, पण चालत नव्हती.

‘कापड खराब आहे’ एवढंच म्हणायचं होतं. पण मग द्वारकाबाई हात लावून बघणार, आणि दिवेलागणीपर्यंत चतुराबाईंचा हात गेल्याची बातमी गल्लीभर होणार. परवापासून त्यांच्याकडे कापड घेऊन कोण येणार होतं? आणि न बोलावं, तर उद्याच्या बाळाचे गाल सोलवटणार.

काकासाहेबांनी घसा खाकरला.

“वा! लई भारी हाय हे. मी आल्या-आल्याच हेरलं व्हतं.”

चतुराबाईंनी डोळे उघडले. “तुमी हेरलं व्हतं?”

“व्हय तर. शेठ, कापा. मला बी अंगात घालायच्या कोपरीपुरतं कापा.”

“थांबा, शेठ.” चतुराबाईंनी कापड सोडलं. “ह्यांना पसंत पडलं म्हंजी कायतरी गोम हाय. ठिवा ते तिकडं.”

“भाऊजी, तुमचं नशीबच आसलं,” द्वारकाबाई पदर तोंडाला लावून हसल्या.

शेठनं वरच्या फळीवरून दुसरा गठ्ठा विजेच्या वेगानं काढला. निव्वळ सुती, फिक्कट पिवळा, वर एकही बदक नाही. काकासाहेबांनी निरखतोय असं न दाखवता त्याचा एकच पदर उजेडात धरला. समोरची पाटी दिसेना. चिमटीत घासला, लव जागची हलली नाही. बोटाला थुंकी लावून कोपरा चोळला; रंग उतरला नाही. हे सगळं आपल्याला येतं, याचं त्यांनाच नवल वाटलं. पण पिशवी धरणाऱ्या माणसाचे डोळे रिकामे असतात. चाळीस वर्षांत काही ना काही त्यांत शिरतंच.

मग त्यांनी तोंड वाकडं केलं. “ह्या! हे काय घोंगडं हाय का? आन् रंग बी कसा, नासलेल्या हळदी-दुधावानी.”

“शेठ, हेच द्या,” चतुराबाई म्हणाल्या. बोट लावायच्या आधीच.

“काका को कपडे में कुछ समझताच नहीं,” रामकिसनशेठ गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी मापापेक्षा वीतभर जास्त कापलं.

घरी आल्यावर चतुराबाई खाटेवर बसल्या. त्यांनी कापडाची घडी उचलून गालाला लावली आणि बराच वेळ तशीच धरली. मग म्हणाल्या, “वंगाळच निवडलंय म्हना की मी.”

“लईच वंगाळ,” काकासाहेब म्हणाले.

“हं.”

नवी फलालीन शिवायच्या आधी कोमट पाण्यात भिजवावी लागते, नाही तर पहिल्याच धुण्यात आटते आणि गोधडी मुरडते. पाणी कढत झालं तर लव बसते. म्हणून त्या बादलीजवळ चतुराबाई कोणाला फिरकू देत नसत. आजही त्यांनीच पाणी तापवलं, गार पाण्याचं विसण घातलं, बांगड्या मागे सारल्या आणि हात पाण्याकडे नेला. तो मध्येच थांबला.

“अहो,” त्या बादलीकडे बघतच म्हणाल्या, “जरा हात घाला. कोमट झालं का बगा.”

काकासाहेब उकिडवे बसले. बाही दुमडून त्यांनी हात पाण्यात घातला आणि एका बोल्टला देत तेवढा वेळ घेतला.

“कोमट हाय,” ते म्हणाले.

चतुराबाईंनी कापड पाण्यात सोडलं. ते लगेच बुडेना. पिवळा फुगा धरून वर राहिलं, मग एकेका बाजूनं भिजत खाली जाऊ लागलं. ते पुरतं बुडेपर्यंत काकासाहेबांनी पाण्यातला हात काढला नाही.