जडीवर भाजलेलं भरीत

मानवजातीच्या आरोग्यासाठी ज्या मोजक्या वनस्पतींनी निमूटपणे देह ठेवला, त्यांत एका वनस्पतीचं स्थान फार वरचं आहे. तिचं नाव कोणालाच माहीत नाही, आणि तिच्यावर आम्ही वांगी भाजली.

हे फैजपूरजवळच्या आमच्या गावात, जीवराम नानांच्या मळ्यात घडलं. नाना माझे शेजारी. प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, वय एकाहत्तर. गावात लग्न कोणाचंही असो, मंगलाष्टकं नानांनीच म्हणायची, असा चाळीस वर्षांचा रिवाज. त्यांना माइक लागत नसे. नानांनी 'सावधान' म्हटलं की वऱ्हाडाबरोबर पलीकडच्या गोठ्यातली ढोरंही माना वर करत.

हा आवाज आयुष्यात एकदाच फसला. नेमका स्वतःच्या मुलीच्या, मयुरीच्या लग्नात. बावीस वर्षांपूर्वी, ऐन थंडीत नाना पहिल्याच ओळीला खोकायला लागले ते अक्षता संपेपर्यंत खोकतच राहिले. उरलेली मंगलाष्टकं बॅण्डमधल्या क्लॅरिनेटवाल्याने म्हटली. नाना ही गोष्ट कधी सांगत नाहीत. ती सांगायला गाव आहे.

यंदा डिसेंबरात नातीचं, मुलाच्या भाविकाचं लग्न ठरलं, आणि नानांना दिवाळीपासून खोकला होता.

"नाना, तुम्ही नाही म्हटलात तर मोबाइलवर लावायचं ठरलंय," भाविका एकदा सहज म्हणाली. ती जळगावला बँकेत आहे, तिच्याकडे प्रत्येक गोष्टीला पर्यायी व्यवस्था असते. "यूट्यूबवर चांगली आहेत. तबला-पेटीसकट."

त्या दिवसापासून नानांनी जेवण अर्धं केलं. मुलीच्या लग्नात क्लॅरिनेटवाला आणि नातीच्या लग्नात मोबाइल, हा उतार त्यांना दिसत होता.

उपचारांत घराने काही कमी ठेवलं नव्हतं. सकाळी अडुळशाचा काढा, दहाला ज्येष्ठमध, दुपारी सुंठ-गूळ, रात्री हळदीचं दूध, मध्ये मध्ये मेथीचे लाडू. आणि दिवेलागणीला लता अक्कांची धुरी. अक्का म्हणजे नानांच्या पत्नी. त्या लोखंडी घमेल्यात गोवऱ्यांचे निखारे घेत, वर ओवा, लसणाची सालं, कडुनिंबाचा पाला आणि कापूर टाकत, घमेलं नानांच्या खोलीत ठेवत आणि दारं-खिडक्या लावून घेत. धूर इतका औषधी असे की आत गेलेला डास परत येत नसे. नाना अर्ध्या तासाने डोळे पुसत बाहेर येत आणि म्हणत, "आज जरा मोकळं वाटतंय." मग खोकत.

शिवाय मोतीलाल होता. हा आमच्याच गल्लीतला, कॅप्सूल विकतो. त्याच्या बॅगेत 'हिवाळी किट' असतं; तीन डब्या, तिन्हींवर एकच पान छापलेलं.

"नाना, पाल्याचं पानी पिऊन काय होतं? हे घ्या. बठ्ठं नॅचरल."

"मोतीलाल, हेच तू मागच्या वर्षी मले गुडघ्याले दिलं होतं."

"तेच तर म्हनतो! गुडघ्याले बी चालतं, घशाले बी चालतं. निसर्ग असा तोडून-तोडून इचार करत नाही."

लग्नाला दहा दिवस उरले तेव्हा नाना घरात कोणाला न सांगता पहाटेच्या गाडीने निघाले. जळगाव, धुळे करत साक्रीला पोचले. तिथल्या आठवडे बाजारात डोंगराकडची भिकुबाई नावाची म्हातारी मुळ्या घेऊन बसते, असं त्यांनी ऐकलं होतं. ती सापडली. नानांनी तब्येतीचा इतिहास सांगायला सुरुवात केली, पण मध्येच खोकला आला, आणि भिकुबाईने तेवढाच ऐकला. मागच्या गाठोड्यातून तिने सुक्या काड्यांची सुतळीने बांधलेली एक जुडी काढून पुढे केली.

"नाव काय हिचं?" नानांनी विचारलं. मास्तरच ते.

"नाव ईचारू नको, भाऊ. नाव लिधं का गुण जास. कोनले सांगू बी नको. जमीनवर ठेवू नको, तीन दिन छप्परखाले लेऊ नको. ऊन खाऊ दे. मंग उगाळीसन चाट. बठ्ठा खोकला जाई."

चार अटी. नानांनी चाळीस वर्षं मुलांना चार-चार सूचना दिल्या होत्या आणि त्यांतली एकही कोणी पाळलेली नव्हती. आपण पाळायच्या, असं त्यांनी ठरवलं. परतीच्या गाडीत ती जुडी त्यांनी मांडीवर धरून आणली, तान्ह्या मुलासारखी. छप्पर मात्र एसटीलाही असतं. ते त्यांना धुळ्याच्या पुढे आल्यावर सुचलं, तेव्हा त्यांनी जुडी खिडकीबाहेर धरली. पारोळ्यापर्यंत कंडक्टर काही बोलला नाही. त्याने खिडकीबाहेर याहून विचित्र गोष्टी पाहिलेल्या असणार.

आता ठेवायची कुठे? घरात छप्पर, अंगणात जमीन. नानांनी फार विचार करून जागा काढली. मळ्यात कपाशीच्या सुक्या काड्यांचा पुरुषभर उंच ढीग रचलेला होता. वर उघडं आभाळ, दिवसभर ऊन, जमिनीला स्पर्श नाही. जुडी त्यांनी ढिगाच्या माथ्यावर ठेवली आणि अटीप्रमाणे कोणालाही सांगितलं नाही.

तो ढीग तिथे का रचला होता, हा विचार चारही अटींत बसत नव्हता.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी लग्नासाठी आलेल्या पाहुण्यांना मळ्यात भरीत होतं. आमच्याकडे थंडीत पाहुणा आला आणि भरीत न खाता गेला तर त्याला परत बोलवावं लागतं. मोठाली हिरवी वांगी, कपाशीच्या काड्यांचा जाळ, केळीची पानं आणि कळण्याची भाकरी. भरताला माणूस लागतो तो कौतिक. त्याने जाळ पेटवला की बाकीचे बोलत नाहीत. वांगी वाहायला घरातलं एक घमेलं कमी पडत होतं, म्हणून अक्कांनी आपलं धुरीचं घमेलं घासून दिलं होतं.

नाना जरा उशिरा आले. तोवर पहिला घाणा उतरला होता आणि दुसरा जाळावर होता. नानांनी आधी ढिगाकडे पाहिलं, मग जाळाकडे. जाळात सुतळी जळत होती.

पुढचा प्रसंग मी स्वतः पाहिला आहे. नाना धावले. एकाहत्तराव्या वर्षी, धोतर सावरत. जाळाशी येऊन उभे राहिले आणि त्यांनी तोंड उघडलं, आणि मिटलं. सांगितलं तर गुण जातो. न सांगितलं तर जडी जाते. त्यांनी दोन्ही हात हवेत हलवायला सुरुवात केली.

"काय, नाना? जाळ कमी करू?" कौतिकने विचारलं.

नानांनी जोरात मान हलवली.

"जास्ती?" कौतिकने आणखी चार काड्या टाकल्या.

नानांनी खाली वाकून एक काडी ओढायचा प्रयत्न केला. कौतिकने त्यांचं मनगट धरलं. "हात भाजंन ना, नाना! वीस वर्षं झाली मले भरीत करून. मले नका शिकवू."

"नाना, काय होतंय?" भाविका घाबरून धावत आली. "बोला ना काहीतरी! कोणीतरी पाणी आणा!"

नाना बोलले नाहीत. जाळावर वाकून, डोळ्यांतून घळाघळा पाणी गाळत, ती काडी न् काडी जळेपर्यंत ते धुरात उभे राहिले. शेवटचा तुकडा राखेत पडल्यावर ते सरळ झाले आणि अगदी शांतपणे म्हणाले, "ती साक्रीची जडी होती."

मग त्यांनी सगळं सांगितलं. गुपित राखण्यासारखं आता काही उरलं नव्हतं.

मळ्यात साठ माणसं होती. एकही हसलं नाही.

"मंग मी जडीवर वांगे भाजले?" कौतिकचा आवाज खाली आला.

"हो."

"दोन घाने?"

"हो."

कौतिकने पायातली चप्पल काढली. त्याचं पाहून पुढच्यांनी काढली, मग मागच्यांनी. वांगी सोलताना त्याने करपलेलं साल फेकलं नाही, एका पानावर वेगळं ठेवलं. लाकडी बडगीत भरीत ठेचलं गेलं ते देवळात घंटा वाजावी तसं, सावकाश. पंगत बसली. असं भरीत मी त्याआधी खाल्लं नव्हतं आणि त्यानंतरही नाही. तोंडात टाकलं की जिभेला वांगं लागत होतं, मिरची लागत होती, आणि त्यामागे काहीतरी लागत होतं ज्याला नाव नव्हतं. सगळ्यांनाच ते लागलं. शिक्षक लोकांनासुद्धा. मोतीलालने तर तीनदा वाढून घेतलं आणि एकदाही 'नॅचरल' म्हणाला नाही.

उरली राख. ती जमिनीवर पडू द्यायची नाही, छपराखाली न्यायची नाही, हे आता सर्वांना पाठ होतं. अक्कांच्या घमेल्यात ती भरून घमेलं तारेने निंबाच्या फांदीला टांगलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाना दोनदाच खोकले. तिसऱ्या दिवशी एकदा. चौथ्या दिवशी पहाटे त्यांच्या खोलीतून एक आवाज आला आणि गल्लीत दारं उघडली. नाना 'सावधान' म्हणून बघत होते.

अक्का ओट्यावर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी साक्रीच्या दिशेला हात जोडले.

मग ज्याला-त्याला गुण यायला लागला. कौतिकची कंबर सुटली. एका पाहुण्याचं घोरणं थांबलं; बायकोने शपथेवर सांगितलं. रावेरहून ज्यांनी भरीत खाल्लंच नव्हतं असे दोघे जण राखेसाठी आले, आणि निंबाखाली बूट काढून उभे राहिले. मीही एक पुडी घेतली. मी विज्ञानाचा पदवीधर आहे, म्हणून जरा लहान घेतली.

"आजी, धुरी नाही करत आता?" भाविकाने एकदा विचारलं.

"कशात करू? घमेल्यात राख हाये."

"दुसरं घमेलं घे ना."

"काबरं? देव पावल्यावर गुरवाच्या पाया कोन पडतं व माय?"

लग्नाच्या दिवशी मांडवात आठशे माणसं होती आणि अर्धी नवरीसाठी आलेली नव्हती. माइक नानांनी हाताने बाजूला केला. समोर पहिल्या रांगेत मयुरी बसली होती, नाशिकहून आलेली, पदर दोन्ही मुठींत धरून. नानांनी डोळे मिटले आणि पहिली ओळ उचलली.

काय सांगावं! चाळीस वर्षं तो आवाज ऐकला होता, पण असा नाही. तो वरच्या पट्टीवर गेला आणि तिथे राहिला, कापडाचा मांडव जणू त्याच्यावरच तोललेला होता. लहान मुलं रडायची थांबली. आचाऱ्याने झारा हातातच धरला. शेवटच्या 'सावधान'ला नानांनी श्वास न घेता इतका वेळ धरलं की अक्षता टाकायचं आम्ही विसरलो, भाविकाने अंतरपाटाआडून "टाका की!" म्हटलं तेव्हा कुठे तांदूळ उडाले. मयुरी ढसाढसा रडत होती. बॅण्डमध्ये तोच क्लॅरिनेटवाला होता, आता म्हातारा. त्याने वाद्य खाली ठेवून नानांना वाकून नमस्कार केला.

त्या संध्याकाळी जो तो हळू बोलत होता.

राख पाहुण्यांबरोबर पुड्यापुड्यांनी गेली. शेवटची चिमूट मोतीलालने तपासायला म्हणून मागून नेली. लग्नानंतर पाचव्या दिवशी घमेलं रिकामं झालं तेव्हा अक्कांनी ते तारेवरून उतरवलं, घासलं आणि घरी आणलं. आलेला गुण टिकावा म्हणून दिवेलागणीला त्यात निखारे घेतले, ओवा टाकला, सालं टाकली, पाला टाकला, कापूर टाकला, घमेलं नानांच्या खोलीत ठेवलं आणि दारं-खिडक्या लावून घेतल्या.

सकाळी नाना खोकत उठले.

संध्याकाळी अक्कांनी ओवा दुप्पट टाकला.