धाकट्याचा व्यवहार

आमचा धाकटा भाऊ संगणकाचे प्रोग्राम लिहितो. मी जिथे हॉल बुक करून देते, तिथला बुकिंगचा प्रोग्राम त्याचाच. शिफारस माझी, म्हणजे बोलायचीही सोय नाही.

त्याच्या स्वतःच्या लग्नासाठी लहान हॉल ठरला होता. पाहुणे वाढले तेव्हा होणारे सासरे म्हणाले, "मोठा करा." मी बटण दाबलं. पडद्यावर आलं, "अभिनंदन!" प्रत्यक्षात प्रोग्रामने लहान हॉल सोडला, सासऱ्यांना मेसेज पाठवायला गेला, तिथेच अडकला आणि मोठा हॉल घ्यायचा राहून गेला. चूक झाली की गप्प बसायचं, हेही प्रोग्रामला धाकट्यानेच शिकवलेलं. आम्हाला कळेपर्यंत दोन्ही हॉल दुसऱ्यांनी पटकावले. तेलही गेलं, तूपही गेलं.

सासरे मुलीला घेऊन घरी आले. चहाला नको म्हणाले, तेव्हाच आई काय ते समजली.

"एक हॉल सोडणं आणि दुसरा घेणं, दोन्ही कामं एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये बांधायला हवी होती," धाकटा म्हणाला. "झाली तर दोन्ही, नाहीतर एकही नाही. मेसेज सगळं पक्कं झाल्यावरच. आता तसं केलंय."

"ट्रान्झॅक्शन म्हणजे व्यवहारच ना?" सासरे म्हणाले. "मग व्यवहार कळत नाही, असं सरळ सांगा की!"

"मी तर लहानपणापासून सांगतेय," आई म्हणाली. आई नेमकी कोणाच्या बाजूने होती, देव जाणे.

"आणि मध्येच काही बिघडलं तर?" मुलीने विचारलं.

"तर रोलबॅक. सगळं पूर्ववत, जणू काही घडलंच नाही."

सासऱ्यांनी चष्मा काढला. "लग्नाबाबतही हाच बेत आहे का?"

मी डोळे वटारले, आईने चिमटा काढला. पण पालथ्या घड्यावर पाणी!

"छे छे," तो मन लावून समजावू लागला, "एकदा कमिट झालं की मागे फिरता येत नाही. फिरायचंच तर सह्या व्हायच्या आधी."

जमलेलं लग्न हा गाढव स्वतःच्या तोंडाने मोडतोय, आणि तेही व्याख्या देऊन!

मुलगी उठली. पर्स खांद्याला लावली.

"बाबा, हॉल राहू दे. उद्याच देवळात हार घालू आणि नोंदणी कार्यालयात जाऊन सह्या करून टाकू. याला वेळ दिला, तर हा आधी टेस्टिंग काढेल."