पूजेत ठेवलेलं व्याख्यान

आमच्या ह्यांना जगभरचं तत्त्वज्ञान ठाऊक, पण आज वार कुठला ते मला विचारतात. त्यामुळे चौतीस सालच्या खंडेनवमीला जे झालं त्याचं नवल वाटलं नाही. राग मात्र सणकून आला.

खंडेनवमीला शहापुरातले माग थांबतात. विणकर मागाला हळदकुंकू वाहतात आणि आमच्यासारख्या मास्तरांच्या घरी पुस्तकं पाटावर मांडून पूजतात. दसऱ्याला पूजा हलवेपर्यंत त्यांना हात लावायचा नाही. ह्यांनी सकाळी मोठ्या भक्तिभावाने पुस्तकं मांडली, आणि सगळ्यांत वर आपल्या व्याख्यानाचे कागद ठेवले. व्याख्यान त्याच संध्याकाळी, बेळगावच्या वाचनालयात! विषय, आपल्या देशातलं काव्य आणि त्यामागचा विचार. ऐकायला नव्या कॉलेजचे प्रिन्सिपॉल येणार होते. त्यांना पसंत पडलं तर हायस्कुलातली बारा वर्षांची रखडपट्टी संपून कॉलेजात शिकवायला मिळणार होतं. त्या नोकरीसाठी ह्यांनी दोन वर्षं डोळे फोडले होते.

दुपारी चहा पिताना ह्यांना एकदम आठवलं, कागद तर पूजेत! कप तसाच राहिला.

"अहो, घ्या काढून," मी म्हटलं. "देव कागदात नसतो, असं तुम्हीच म्हणता ना?"

"म्हणतो खरं." पाटासमोर उभे राहिले, हात पुढे केला आणि मागे घेतला. "होत नाही गं माझ्याच्यानं."

मग मीच पदर खोचला. पाप लागलं तर मला लागू दे. पण ह्यांनी माझा हात धरला. "नको. मला जमत नाही ते तुझ्याकडून कसं करवून घेऊ?" आमच्या ह्यांचं मला हेच आवडतं आणि ह्याचाच ताप होतो.

तेवढ्यात शेजारच्या विणकर यल्लाप्पाची बायको गुणाबाई मागाच्या पूजेचं बोलावणं घेऊन आली. ह्यांचा पडलेला चेहरा बघून ती आपलंच सांगू लागली.

"मास्तर, काल नाटकात राणीचं पोरगं मेलं तवा मला लई रडू आलं. आज रातच्याला परत जानार हाय. घरात रडलं तर जीव जातोय, आनि तितं रडून जीव हलका हुतोय. असं का वं?"

हे तिच्याकडे बघतच राहिले. मग मला म्हणाले, "अगं, माझी अकरा पानं ह्याच प्रश्नावर आहेत!"

संध्याकाळी गुणाबाईलाही बरोबर घेतलं. वाचनालयात हे रिकाम्या हातांनी उभे राहिले. पहिली दोन वाक्यं अर्धवटच सोडली. मग ह्यांनी गुणाबाईचा प्रश्न जसाच्या तसा सांगितला.

"त्यो मीच इचारला!" बायकांतून गुणाबाई ओरडली. सभा खो खो हसली आणि ह्यांची जीभ सुटली.

"आंब्याचा रस काढताना साल आणि कोय बाजूला राहते," हे म्हणाले. "तसं नाटकात दुःखातलं 'माझं' तेवढं बाजूला राहतं. उरतं ते सगळ्यांनी मिळून चाखायचं. आपल्या जुन्या शास्त्रकारांनी त्यालाच रस म्हटलंय." पुढे तासभर बोलले. माझे डोळे भरून आले, आणि तेही गोडच लागलं.

प्रिन्सिपॉल उठून जवळ आले. "हे लिहिलेलं आहे का? मला वाचायचंय."

"आहे, पण सध्या पूजेत आहे."

ते पोट धरून हसले. "मग जूनमध्ये कॉलेजात घेऊनच या. वर्गात वाचू."

दसऱ्याला पूजा हलवली. आमच्याकडे त्यानंतर प्रत्येकाने एक ओळ वाचायची असते. ह्यांनी आपले कागद उचलले आणि पहिली ओळ वाचली, "याविषयी एक विलायती पंडित म्हणतात." दुसरं पान उलटलं, तिथेही विलायती पंडितच. अकराही पानांवर तेच. मी तोंडाला पदर लावला.

ह्यांनी दौत पुढे ओढली, पहिल्या पानावरची ती ओळ खोडली आणि वर ठसठशीत अक्षरात लिहिलं, "आमच्या शेजारच्या गुणाबाई विचारतात."