गिटारच्या हिरड्या

“अगं बाई! हिला हिरड्या फुटल्यात की!”

ताईनं चष्मा कपाळावर सरकवून गिटारची ती गुलाबी पट्टी बोटानं चाचपली. मानेच्या टोकाला, तारा जिच्या खाचांतून खुंट्यांकडे जातात, ती जुनी पट्टी तडकली होती. म्हणून तिच्या भावानं काल नवी घडवली होती. छत्तीस वर्षं दातांच्या डॉक्टरांना कवळ्या बनवून देणाऱ्या माणसाकडे हिरड्यांच्या गुलाबी मसाल्याशिवाय दुसरं काय असणार?

“हसू नकोस. घट्ट बसलीय.”

“बसणारच. फक्त झोपताना काढून पाण्यात ठेवत जा.”

तिचं हसू ओसरेपर्यंत तो मान खाली घालून कानशीचा भुगा पुसत राहिला. चार वाजता तिची गाडी येणार होती. ताई कायमची मुलाकडे राहायला निघाली होती, दोन दिवसांच्या वाटेवर. सत्तरी ओलांडलेली बहीण या घरात पुन्हा कधी येईल, हा विषय दोघंही काढत नव्हते. तिनं मागितलं होतं एवढंच, की लहानपणी जिन्यात बसून म्हणायचो ते गाणं जाण्याआधी एकदा या गिटारवर होऊ दे.

आणि गिटार कुरकुरत होती. मानेवरच्या आडव्या पट्ट्यांमधल्या पाचव्या घरात बोट दाबलं की तार बाटलीत अडकलेल्या माशीसारखी भणभणायची. वाद्यांच्या दुकानदारानं तर हातच झटकले होते, “काका, मान गेलीय हिची. शोभेला ठेवा.” मग तीन आठवडे त्यानं पुस्तकं वाचली, व्हिडिओ पाहिले, मानेच्या आतल्या सळईचा स्क्रू भीत भीत पाव-पाव फेरा पिळला. मान सरळ झाली. भणभण तशीच.

“बाळ्या, राहू दे रे,” ताई म्हणाली. “आहे तशी वाजव. माझा तरी गळा कुठं धड आहे!”

“कवळी टोचत असताना ‘आहे तशी चावा’ म्हणतं का कुणी?”

बोलला आणि जागच्या जागी थबकला. कवळी टोचली की डॉक्टर काय करतात? दातांमध्ये निळा कागद धरून चावायला सांगतात. जो दात उंच, त्याच्यावर गडद ठिपका उमटतो. तेवढाच घासायचा.

तो उठला. तारा सैल करून बाजूला सारल्या, मानेवरच्या आडव्या पट्ट्यांवर निळा कागद पसरला आणि पोलादी मोजपट्टी हलकेच दाबत पुढे सरकवत गेला.

“हे काय चाललंय?”

“तिला चावायला लावलंय.”

बाकी पट्ट्यांवर नुसती पुसट झाक. पाचव्या घरापुढच्या सहावीवर मात्र तिळाएवढा गडद निळा ठिपका! “सापडली, लबाड!” तो एवढ्यानं ओरडला, की ताईच्या हातातला कप हिंदकळला.

ठिपका जाईतो त्यानं पट्टी घासली, चकचकीत केली, तारा चढवल्या. पाचव्या घरात बोट दाबलं.

“ऐकलंस?”

“मला तर भणभण ऐकूच आली नाही.”

“तेच तर!”

ताईनं सूर धरला. पहिल्याच ओळीत आवाज फाटला. “खाली घे रे बाबा. ती पोरगी राहिली नाही आता.”

तारा सैल झाल्या की जास्त झुलतात. भणभण परतली तर? त्यानं एकेक खुंटी उतरवली, डोळे मिटून पाचव्या घरात बोट दाबलं. सूर निर्मळ आला.

मग दोघं गायले. दुसरं कडवं कुणालाच आठवेना, म्हणून पहिलंच तीनदा गायले, आणि प्रत्येक वेळी ताई त्याला खुणेनं लय वाढवायला लावत होती. खाली हॉर्न वाजला. पुन्हा वाजला. शेवटी ड्रायव्हर तावातावानं जिना चढून आला आणि दाराच्या चौकटीलाच टेकून उभा राहिला. गाणं संपल्यावर त्यानं सामानाकडे न बघता विचारलं, “कुठं दुरुस्त करून घेतली, काका? आमच्या घरी एक पडून आहे.”

“इथंच,” तो म्हणाला. एरवी पुटपुटलाच असता. “मी केली.”

“दाखव त्यांना, हिरड्या दाखव!” ताई म्हणाली.

गाडी वळणाआड गेल्यावर तो वर आला. गिटार मांडीवर घेतली. तारा पुन्हा स्वतःच्या सुरात चढवायला हात खुंटीकडे गेला, आणि तिथून परत आला. ताईच्या सुरात ते गाणं त्याला फारच खाली पडत होतं. तरी तो त्याच सुरात गुणगुणत राहिला.